पहिला रेणू पाण्याचा

पहिला रेणू पाण्याचाच घ्यावा, असं मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी नव्या मुलांचे चेहरे उतरतात. त्यांना हळदीतलं कर्क्युमिन हवं असतं. कुणाच्या घरी केळी, कुणाच्या शेतात हळद. ओळखीच्या पिकातला रेणू पडद्यावर फिरताना बघायची हौस मला समजते. पण कर्क्युमिनमध्ये ४७ अणू आहेत आणि त्याचं उत्तर बरोबर आलं की नाही हे नवशिक्याला कळायला मार्ग नाही. पाण्यात तीनच अणू, आणि त्याचं उत्तर प्रयोगातून कधीचं ठाऊक झालेलं आहे: कोन १०४.५ अंश, ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ०.९५८ अँगस्ट्रॉम.

संगणकीय रसायनशास्त्राचं सॉफ्टवेअर आकडा देतंच. प्रश्न चुकीचा असला तरी देतं, आणि तेवढ्याच ठामपणे, दशांश चिन्हापुढे बारा अंकांपर्यंत देतं. म्हणून सुरुवातीचे दिवस उत्तर मिळवण्यात नव्हे, तर माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहण्यात घालवावेत, हे माझं ठाम मत आहे.

बऱ्हाणपूरसारख्या गावात हे शिकण्याला वेगळंच मोल आहे. आमच्याकडे एनएमआर यंत्र नाही. एखादा स्पेक्ट्रम हवा असेल तर नमुना इंदूरला किंवा जळगावला पाठवायचा, मग वाट बघायची. पण आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप एखाद्या मुलाकडे असतोच. रेणू काढायला अॅव्होगॅड्रो, गणित करायला ओर्का. दोन्ही शिकणाऱ्यांना फुकट मिळतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून येणारं गेमेसही तसंच. जॉन पोपल यांच्या गटाने १९७० मध्ये आणलेलं गॉसियन अजूनही सगळ्यात प्रसिद्ध आहे, पण त्याला पैसे पडतात. अॅव्होगॅड्रो आणि ओर्का बसवायला एक संध्याकाळ पुरते. त्यातली निम्मी संध्याकाळ प्रोग्रॅम कुठे ठेवला आहे हे संगणकाला समजावण्यात जाते, ती गेली तर जाऊ द्यावी.

मग इनपुट फाइल. साध्या नोटपॅडमध्ये लिहायची. पहिल्या ओळीत पद्धत आणि बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉनचा ढग उतरवायला घेतलेल्या गणिती फलनांचा संच. सगळ्यात लहान संच एसटीओ-३जी, पोपल आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडलेला. हार्ट्री-फॉक पद्धतीने त्यावर पाणी काढलं की कोन १०० अंशांवर येतो आणि बंध ०.९९ अँगस्ट्रॉम. थोडा मोठा ६-३१जी* घेतला की कोन १०५.५, बंध ०.९४७. मुलं म्हणतात, सर, संच मोठा केला तर बंध उलट आखूड कसा पडला? इथे खरं शिकणं सुरू होतं. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत फिरतात, आणि ते टाळणं हार्ट्री-फॉकमध्ये पुरतं धरलेलं नसतं, म्हणून बंध आखडतो. एसटीओ-३जीचा लांब बंध संचाच्या तोकडेपणामुळे आलेला होता. ६-३१जी* संचावरच बी३एलवायपी ही पद्धत लावा, ०.९६९ येईल, पुन्हा किंचित लांब. तीन रन, तीन उत्तरं, आणि प्रत्येक पद्धतीचा स्वभाव डोळ्यांसमोर. पद्धतीचा हा स्वभाव कर्क्युमिनवर कधीच इतका स्वच्छ दिसला नसता.

इनपुट फाइलमध्ये पद्धतीखालची ओळ दोन आकड्यांची असते: विद्युतभार आणि मल्टिप्लिसिटी, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक. या ओळीवर मी एक पूर्ण तास घेतो. हवेतला ऑक्सिजन घ्या. त्याच्या दोन इलेक्ट्रॉनना जोडीदार नसतो, म्हणून मल्टिप्लिसिटी तीन. द्रव ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो तो याचमुळे. सवयीने तिथे एक लिहिलं तरी प्रोग्रॅम कुरकुर न करता गणित पुरं करतो, फक्त ते गणित आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनचं राहत नाही.

पण मल्टिप्लिसिटीपेक्षा खोल धडा मला आणि माझ्या मुलांना बऱ्हाणपूरच्याच कुंडी भंडाऱ्याने दिला. १६१५ च्या सुमारास मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात झालेली ही जलव्यवस्था. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि उतारानेच शहराकडे आणायचं. वर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे हवा खेळती ठेवणारी उभी विवरं. आत उतरलेल्या कुणालाही भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढुरके थर दिसतात. त्या थरांनी वाट अरुंद होत चालली आहे, ही गावाची जुनी काळजी. एमएस्सीच्या एका मुलीने विचारलं, “सर, हा चुना संगणकावर काढता येईल का?”

आम्ही कार्बोनेट घेतलं. एक कार्बन, तीन ऑक्सिजन, भार उणे दोन. पाण्यासारखाच सोपा वाटावा असा आयन. गणित झालं, ओर्काने नेहमीप्रमाणे “हुर्रे” छापलं, तिन्ही कोन १२० अंश, बंध १.३ अँगस्ट्रॉमच्या जवळ, कॅल्साइटच्या स्फटिकात मोजलेल्या १.२८ पासून फार दूर नाही. कंपनांच्या सगळ्या वारंवारता धन. कुणीही वही मिटून घरी गेलं असतं. मी तिला ऑर्बिटल ऊर्जांची यादी उघडायला सांगितली. इलेक्ट्रॉन असलेल्या सगळ्यात वरच्या ऑर्बिटलची ऊर्जा चक्क धन होती. म्हणजे तो इलेक्ट्रॉन रेणूला बांधलेलाच नव्हता. निर्वात जागेत एकटं कार्बोनेट टिकतच नाही. दोन जादा ऋणभार एवढ्याशा जागेत मावत नाहीत, एक इलेक्ट्रॉन निघून जातो. आमच्या गणितात तो गेला नाही, कारण लहान बेसिस सेटची सगळी फलनं केंद्रकांना बिलगून असतात. त्याला जायला जागाच ठेवलेली नव्हती.

मग इनपुटमध्ये एक शब्द वाढवला: भोवती पाणी आहे असं मानणारं सीपीसीएम प्रारूप. तीच ऊर्जा ऋण झाली. कार्बोनेट पाण्यात उतरताना मोलमागे हजारावर किलोज्यूल ऊर्जा सुटते. त्या आधारावर तो आयन उभा आहे. निसर्गात कार्बोनेट नेहमी पाण्यात किंवा खडकात का सापडतं, ते त्या मुलीला एका आकड्याच्या चिन्हावरून कळलं. माझ्या शिकवण्याच्या आयुष्यातले जे थोडे तास मला पुरते समाधान देऊन गेले, त्यांत तो एक आहे.

तरी तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर ओर्काकडे नव्हतंच. भूजलात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तोवर चुना बायकार्बोनेट होऊन पाण्यात राहतो. पाणी बोगद्यातल्या मोकळ्या हवेला लागलं की वायू निसटतो आणि चुना खाली बसतो. हा सारा व्यवहार असंख्य रेणूंच्या समतोलाचा आहे, तो कागदावर, समतोल स्थिरांकांनी मांडायचा. त्यासाठी आधी पाण्यात कॅल्शियम किती ते हवं. तिने बाटली भरून आणली, ईडीटीएने मोजलं, दर्शकाचा लालसर रंग निळा होईपर्यंत. कोणता प्रश्न रेणूचा आणि कोणता चंचुपात्राचा, हे ओळखता येणं मी या विद्येतलं मोठं कसब मानतो. काही शोधनिबंधांतही ही सरमिसळ दिसते आणि वाईट वाटतं.

लॅपटॉपची ताकद लवकर संपते, हेही पहिल्याच वर्षी कळावं. अचूकतेसाठी नावाजलेल्या सीसीएसडी(टी) पद्धतीत रेणू दुप्पट केला तर वेळ सुमारे १२८ पट लागतो. ही अडचण ओलांडण्यासाठी पुण्यात झालेलं काम मी मुलांना अगत्याने सांगतो. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. १९९४ मध्ये गद्रे, शिरसाट आणि लिमये यांनी मोठा रेणू तुकडे करून सोडवायची रीत मांडली. तिचं नावच शिवणकामावरून ठेवलेलं आहे: मॉलिक्युलर टेलरिंग. शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी माया ठेवतो तसे तुकडे एकमेकांवर थोडे चढते ठेवायचे, प्रत्येकाचं गणित स्वतंत्र करायचं, बेरीज करताना दोनदा आलेला भाग वजा करायचा. पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांना हे फळ्यावर एकदाच सांगावं लागतं. पुण्यातच सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला होता, त्याच दशकातली ही गोष्ट. मोठं यंत्र हवंच, पण यंत्र लहान असताना बुद्धीने वाट काढणारी माणसंही आपल्याच भाषेत बोलणारी होती, हे मुलांच्या कानावर पडायला हवं.

रात्री जॉब लावून झोपायचं आणि मधेच वीज जायची, हे इथलं रोजचं. ओर्का तरंगफलनाची फाइल सोबत ठेवत जातं, तिच्यावरून गणित पुन्हा उचलता येतं. ती फाइल पुसू नये, एवढं पहिल्या दिवशीच बजावतो.

यंदा पाण्यानंतरचा रेणू हायड्रोजन पेरॉक्साइड ठरवला आहे. कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये ब्लीचिंगला तेच वापरतात, मुलांना कॅन ओळखीचे आहेत. चारच अणू, पण रेणू मधल्या बंधापाशी मुरडलेला. वायूत हा पीळ १११.५ अंश मोजला गेला आहे, स्फटिकात ९०.२. ध्रुवीकरणाची फलनं वगळलेले काही बेसिस सेट तर रेणू साफ सपाट करून ठेवतात. मी मुलांना दोन्ही आकडे दिले आहेत. कोणता आकडा कशाशी ताडायचा आणि का, ते लिहून आणल्यावरच जॉब लावायचा आहे.