आईच्या आठ्या

"आरं, त्या इंजेक्शननी खरंच आठ्या जातात का?" रील बघता बघता आईने विचारलं. ताईचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. आईची तीस वर्षं नेवाशाच्या उन्हात कांदा खुरपण्यात गेलीत. मी हसलो नाही.

बोटॉक्स स्नायूला मिळणारा सिग्नलच अडवतं. (आमच्या भाषेत, पोर्ट ब्लॉक.) भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन आठवड्यांत पूर्ण फरक दिसतो, तीन-चार महिन्यांत स्नायू पुन्हा कामाला लागतो. थोडक्यात, सबस्क्रिप्शन. आणि उन्हाने खरबरीत झालेल्या गालांना त्याचा उपयोग नाही. तिथे ट्रेटिनॉइनची क्रीम लागते. रात्री वाटाण्याएवढी, तीही डॉक्टरांना विचारून. आधी कातडी सोलवटते, फरक दिसायला कित्येक महिने जातात. दिवसा सनस्क्रीन हवंच.

आईला खरी गरज क्रीमची आहे, असं माझं मत. पण लग्नाच्या डेडलाइनला फक्त इंजेक्शन पुरतं.

"सनस्क्रीन घामानं ऱ्हातं का?"

"दर दोन तासांनी लावायचं."

"मंग बांधावर बाटली घेऊन बसू व्हय?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "इंजेक्शन कितीला पडतं?"

शनिवारची नगरच्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय.