गिधाडे कोठे गेली?

महाविद्यालयातील विद्यार्थ्यास केव्हा ना केव्हा पर्यावरणावर निबंध लिहावयाचा असतो. तो ग्रंथालयात जातो, चार पुस्तके उघडतो आणि त्यांतील उतारे उतरवून काढतो. पाने भरतात, पण प्रश्न सुटत नाही, कारण तो मुळी विचारलेलाच नसतो.

खरा शोध कसा चालतो, हे गिधाडांच्या उदाहरणावरून चांगले कळते. गिधाड हा काही कोणाचा लाडका पक्षी नव्हे. परंतु गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा पाहता पाहता फस्त करी आणि गावाची घाण दूर करी. १९९० नंतर हे थवे विरळ होऊ लागले. राजस्थानातील भरतपूर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी पूर्वी गिधाडांची मोजणी केली होती. पुन्हा मोजू लागताच त्यांस मोठी घट आढळली. झाडांवर कित्येक गिधाडे माना खाली टाकून बसलेली दिसत. जुनी नोंद हाती होती, म्हणूनच केवढी हानी झाली ते समजले.

कारण मात्र कळेना. कोणी साथीचा रोग म्हणे, कोणी कीटकनाशकांचे विष. अखेर लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रोगजंतू सापडले नाहीत, कीटकनाशकेही नाहीत. मग त्यांनी साधाच प्रश्न विचारला : गिधाडे खातात काय? मेलेली गुरे. त्या गुरांना औषध कोणते देतात? पशुवैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी करता उत्तर मिळाले. ते होते डायक्लोफेनॅक, गुरांच्या वेदना शमविणारे औषध! २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

पण फार उशीर झाला होता. १९९२ साली जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तेथे २००७ साली जेमतेम एक उरले. मेलेल्या गुरांवर भटक्या कुत्र्यांची गर्दी होऊ लागली. गिधाडांचे ते जुने वैभव अद्यापि परत आलेले नाही.

गाईला बरे वाटावे म्हणून प्रेमाने दिलेले औषध आकाशातील पाखरास मारते, हे कोणत्याही पुस्तकात आधी लिहिलेले नव्हते. ते शोधणारांना रानात जावे लागले, मोजावे लागले, आणि आपला पहिला तर्क चुकला तर तो सोडून द्यावा लागला. आपल्या गावचा ओढा, टेकडी वा तळे यांच्याविषयी लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यानेही प्रथम तेथे जावे, जे दिसेल ते मोजावे आणि तारीख घालून टिपून ठेवावे. त्याची ती वही पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज कोणी सांगावे?