थारच्या वाटेने

चातुर्मास संपल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघायचे नाही, हा आमच्या घरातील जुना नियम. मारवाडच्या वाळवंटात जाणाऱ्याला तो किती सोयीचा आहे, याचा अनुभव गेल्या वर्षी आला. कार्तिकी पौर्णिमेनंतर तिकडचे ऊन सोसवते आणि रात्री शाल लागते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी व माझी पत्नी चाकणजवळच्या महाळुंग्याहून मोटारीने निघालो. मी सदुसष्ट वर्षांचा, ती चौसष्टची. जैसलमेर सुमारे साडेबाराशे किलोमीटर दूर. जोधपूरपर्यंतची विमानाची तिकिटे काढून देतो, असे मुलगा सांगत होता. परंतु ज्या वाटेने पणजोबा आले ती वाट एकदा उलट दिशेने पाहायचीच, असा हिचा आग्रह होता.

पणजोबा आले ते छप्पनियाच्या दुष्काळात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो काळ. आपल्यातील अनेक घराण्यांचा महाराष्ट्रातील इतिहास त्याच सुमारास सुरू होतो. काही वाट पायी, काही उंटावर आणि अहमदाबादपासून पुढे आगगाडीने ते आले, व खेड तालुक्यात धान्याचा व्यापार करू लागले. (चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध, आणि आमच्या घरात दोन्ही वर्ज्य! पणजोबांनी ज्वारी-बाजरीवरच संसार उभा केला.)

हा प्रवास केवळ हौसेचा नव्हता. साचोर आणि बाडमेर यांच्या दरम्यान आमचे मूळ गाव आहे. तेथील बंद घर विकायचे ठरले होते. वारस सात, सहा जणांच्या सह्या झाल्या होत्या, सातवी माझी राहिली होती. एका चुलतभावाचे डायलिसिस सुरू आहे, त्याला पैशांची निकड होती. बँकेत छत्तीस वर्षे मी इतरांच्या मालमत्तांची मूल्यांकने तपासली. स्वतःच्या घरावर मात्र ते न पाहता सही करणे मनाला पटेना. ‘आधी सगळा मुलूख पाहू, मग घर पाहू,’ असे हिने सुचवले. म्हणून जाताना गावाच्या फाट्यावर थांबलो नाही.

पहिला मुक्काम सुरतेला झाला, दुसरा शंखेश्वरला. या टप्प्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. हमरस्ता सगळीकडे सारखाच असतो. राधनपूर, थराद मागे पडले आणि साचोरला राजस्थानात शिरलो, तेव्हा मात्र अपेक्षेपेक्षा निराळेच चित्र दिसले. वाळू दिसेल म्हणून डोळे ताणावेत, तर दोन्ही बाजूंना जिऱ्याची आणि एरंडाची शेते! २००८ साली नर्मदेचा कालवा येथे पोहोचला. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या कडेने वाहणारी नदी मारवाडात शेती पिकवते, हे दृश्य मला फार हृद्य वाटले. पुढे बाडमेरकडे हिरवा रंग विरळ होत गेला आणि खेजडीची एकाकी झाडे तेवढी उरली. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा वाळवून सांगरी होते. हिरव्या भाजीची वानवा असलेल्या प्रदेशात कैर-सांगरी, वड्या, पापड, गट्टे असे पदार्थ घडले आणि आठम-चौदसला हिरवी भाजी न खाण्याच्या व्रताला ते अगदी सोयीचे ठरले. व्रताने स्वयंपाक घडवला की वाळवंटाने, हे सांगणे अवघड आहे.

हिचा चौविहार असतो. त्या दिवसांत जैसलमेरला सूर्य पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे उशिरा उगवतो आणि मावळतो मात्र जवळपास त्याच वेळी. त्यामुळे नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंतचा काळ आखूडच. बाडमेरहून जैसलमेरचे दीडशेहून अधिक किलोमीटरचे अंतर, मध्ये खाण्याच्या जागा मोजक्याच. डब्यात खाखरे आणि मेथीची चटणी होती. रस्ता सरळ व मोकळा पाहून हिने गाडी चालवायला घेतली. पन्नाशीनंतर ती गाडी शिकली. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत जी टिकते, तिला थार काय घाबरवणार? तासभर समोरून एखाददुसराच ट्रक आला. आमच्या गावी रात्रीसुद्धा कारखान्यांचा आवाज थांबत नाही. येथे गाडी बंद करून उतरलो, तर कानांना शांततेचेच दडपण आले.

जैसलमेर ११५६ मध्ये रावल जैसल यांनी वसवले. किल्ल्यातील पिवळ्या दगडाची जिनमंदिरे आपल्या वाचकांना छायाचित्रांतून परिचित आहेत, म्हणून त्यांचे वर्णन करीत नाही. मला सर्वांत अधिक भारावून टाकले ते तेथील ज्ञानभंडाराने. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी तो स्थापला. अकराव्या शतकापासूनच्या ताडपत्रांवरील पोथ्या त्यात आहेत. १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी तेथे मुक्काम करून त्या पोथ्यांची पद्धतशीर व्यवस्था लावली. आता विचार करा, थारमध्ये ताडाचे झाड कुठले? ते पान दूर दक्षिणेकडच्या दमट मुलखातले. तेथे राहिले असते तर कसर व बुरशी यांनी ते कधीच संपवले असते. व्यापाऱ्यांच्या वाटांनी ते येथे कोरड्या हवेत आले आणि टिकले.

पटवांच्या हवेल्याही पाहिल्या. गुमानचंद पटवा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाच मुलांसाठी पाच हवेल्यांचे काम सुरू केले. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे हे या वैभवाचे मूळ. पुढे मुंबई बंदर वाढले, रेल्वेने मालाच्या वाटा बदलल्या आणि १९४७ मध्ये तर सीमाच आखली गेली. ज्या गावाचे भांडवल म्हणजे त्याची वाट, त्याची वाटच बंद झाली. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर तारण शाबूत होते, धंदा गेला होता.

लोद्रवा तेथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. जैसलमेरच्या आधीची ती राजधानी. सतराव्या शतकात थाहरू शाह भणसाळी यांनी पार्श्वनाथांचे मंदिर पुन्हा उभारले. भोवतीचे नगर गेले, मंदिर राहिले. दर्शन घेऊन रामगढमार्गे तनोटपर्यंत गेलो. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस नसलेला हा मुलूख. तरीही ठिकठिकाणी माणसे, मेंढ्या, ढाण्या. हे कसे चालते, याचे उत्तर वाटेतल्या एका वृद्ध मेंढपाळाने दाखवले. वाळूखाली काही जागी जिप्समचा थर असतो. त्यावर मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तेवढ्यापुरती अरुंद विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात. दिवसभरात दोन-चार घडेच पाणी झिरपते. त्याने आम्हांला लोटाभर पाणी देऊ केले. ते मी अगदी जपून प्यायलो. सूर्यास्ताला थोडा अवकाश होता, म्हणून हिनेही घेतले.

परतताना गावी गेलो. घराचे छप्पर दोन ठिकाणी बसले होते, दाराची चौकट मात्र भक्कम होती. अंगणात टांका होता. टांका म्हणजे जमिनीखालचे चुनेगच्ची हौद. भोवतीच्या उताराच्या स्वच्छ जागेला आगोर म्हणतात आणि त्यावर पडलेला पाऊस हौदात उतरतो. घर चाळीस वर्षे बंद, पण आगोर लखलखीत झाडलेले! शेजारच्या घरातील बाई कडेला चप्पल काढून पाणी भरायला आल्या. तोंडाला दुहेरी फडके बांधून त्यांनी पाणी गाळले आणि फडक्यातले जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडले. त्या जैन नव्हत्या. ही रीत कोठून आली, असे हिने विचारले. “थांरा दादीसा सिखायो,” त्या म्हणाल्या. तुमच्या आजीने शिकवले. म्हणजे त्यांच्या सासूला शिकवले असणार, पण त्यांनी तो तपशील महत्त्वाचा मानला नाही.

खरेदीदार भला माणूस होता. त्याला तेथे गोदाम बांधायचे होते. आता नळ आला आहे, टांका कोणाला हवा, असे तो म्हणाला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, असे शेजारच्या बाईंनी त्याच्यासमोरच सांगितले.

रात्री धर्मशाळेत आम्ही दोघांनी हिशेब मांडला. सही नाकारावी, तर चुलतभावाचे उपचार अडतात. सही करावी, तर आगोरावर काँक्रीट पडणार. घर ही आमची मालमत्ता होती, यात शंका नाही. पण चाळीस वर्षे जे आम्ही राखलेच नाही, ते पाणी आमचे म्हणावे का? यावर माझे मत हिच्यापेक्षा थोडे कठोर होते: कायद्याने ते आमचेच. तिचे म्हणणे एवढेच, की कायद्यात वहिवाटीच्या हक्काचीही सोय असते, आणि ती तुम्हीच मला एकदा समजावली होती.

खरेदीखतात टांका, आगोर आणि तेथवरची पायवाट वेगळी मोजून शेजाऱ्यांचा पाणी भरण्याचा हक्क नोंदवावा, असे मी कळवले. किंमत कमी होणार, म्हणून दोन भावांनी फोनवर नाराजी व्यक्त केली, आणि त्यांचे बोलणे अव्यवहारी नव्हते. शेवटी कमी होणारी रक्कम आमच्या वाट्यातून वजा करायचे ठरले आणि आजारी भावाचा हिस्सा आम्ही आगाऊ पाठवला. माघात नोंदणी झाली. गोदाम आता उभे राहिले आहे, आगोराला लागून त्याची भिंत आहे.

जुलैमध्ये शेजारच्या बाईंच्या मुलाचा फोन आला. पहिला पाऊस झाला होता. पहिल्या पावसाचे पाणी टांक्यात घेत नाहीत. त्याने आगोर धुऊन निघते, म्हणून ते बाहेर सोडून देतात. त्याने तसेच केले होते. दुसऱ्या पावसाची वाट पाहत आहोत, असे तो म्हणाला, आणि आमच्याकडे पाऊस कसा आहे, याची चौकशी केली.