मृत्यू खेळणी वाटतो तेव्हा

विनोदी पुस्तक एकदा वाचायचं असतं, असा एक रूढ समज आहे. रहस्यकथेत खुनी कोण ते कळलं की उत्सुकता संपते, तशी विनोदी पुस्तकातली गंमत कळली की हसू संपतं, असं त्यामागचं गणित. टेरी प्रॅचेटच्या ‘हॉगफादर’ या कादंबरीपुरतं तरी हे गणित मला साफ चुकीचं वाटतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली विसावी. नाताळच्या सुट्टीत ती पुन्हा वाचायची, हा माझा फार जुना शिरस्ता आहे आणि वयाबरोबर माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. पहिल्या वाचनात ही कादंबरी हसवते. तिला काय म्हणायचं आहे ते पुढच्या वाचनांत उलगडतं. आणि तिला जे म्हणायचं आहे ते खरं मानलं, तर ती पुन्हा पुन्हा वाचण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. डिस्कवर्ल्ड हे थाळीसारखं चपटं जग. महाकाय कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर हे जग. मराठी वाचकाला कूर्म आणि दिग्गज आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिथे हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास हॉग्सवॉच नावाचा सण येतो आणि चार रानडुकरांच्या घसरगाडीतून हॉगफादर मुलांना भेटी वाटत फिरतो. विश्वाच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या, चेहरा नसलेल्या ‘ऑडिटर्स’ना माणसाच्या कल्पनाशक्तीचा तिटकारा आहे, कारण तिच्यामुळे विश्वाचा नीटनेटकेपणा बिघडतो. ते हॉगफादरला संपवण्याची सुपारी मारेकऱ्यांच्या संघाला देतात. जॉनथन टीटाइम हा मारेकरी अजब वाट काढतो. मुलांचे पडलेले दात नेणाऱ्या दंतपरीने जपलेल्या दातांच्या साहाय्याने तो मुलांच्या मनाचा ताबा घेतो आणि त्यांचा हॉगफादरवरचा विश्वासच काढून घेतो. रिकामी पडलेली जागा स्वतः मृत्यू भरून काढतो. हाडांचा सापळा लाल झगा घालतो, खोटी दाढी लावतो आणि घरोघर खेळणी वाटत फिरतो. सकाळ होण्याआधी खऱ्या हॉगफादरला वाचवण्याचं काम त्याच्या नातीकडे, सूझनकडे येतं.

पुस्तक तेच राहतं, पण वाचणारा तोच राहत नाही. शाळा-कॉलेजच्या वयात ध्यानात राहते ती दुकानातली धमाल. मृत्यू तिथे हॉगफादर बनून बसतो आणि तलवार मागणाऱ्या मुलीला खरी तलवार देतो, तेव्हा मोठ्यांची उडालेली तारांबळ वाचून त्या वयात केवळ आनंद होतो. पुढे नोकरी, संसार, जबाबदाऱ्या आल्या की नजर सूझनकडे वळते. मुलं सांभाळणारी ही तरुणी पलंगाखाली राक्षस असल्याचं सांगणाऱ्या मुलांना खोटं पाडत नाही. ती चुलीतली सळई उचलते आणि राक्षसाला बदडते. भीती नाकारून जात नाही, तिच्याशी लढण्याचं साधन हाती द्यावं लागतं, हे शहाणपण त्या विनोदाच्या पोटात दडलेलं आहे. आणखी काही वर्षांनी वाचक मृत्यूजवळ थांबतो. आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं प्रॅचेटने २००७ च्या डिसेंबरात जाहीर केलं. पुढची वर्षं तो इच्छामरणाच्या हक्काबद्दल जाहीरपणे बोलत राहिला आणि मार्च २०१५ मध्ये गेला. हे ठाऊक असताना त्याने रंगवलेला मृत्यू वेगळा भासतो. तो क्रूर नाही, कर्तव्यकठोर आहे आणि माणसांबद्दल त्याला अपार कुतूहल आहे.

या कुतूहलाचा कस लागतो तो आगपेट्या विकणाऱ्या मुलीच्या प्रसंगात. हान्स क्रिश्चन अँडरसनने १८४५ मध्ये लिहिलेल्या कथेत अशीच एक मुलगी वर्षाच्या शेवटच्या रात्री गारठून मरते आणि वाचक डोळे पुसतो. प्रॅचेटच्या मृत्यूला या रडण्यातच खोट दिसते. एका गरीब पोरीने बर्फात मरावं आणि ते ऐकून उबेत बसलेल्यांना आपलं भाग्य कळावं, ही प्रथा त्याला मान्य नाही. एरवी त्याने तिला न्यायलाच हवं होतं. पण आज तो हॉगफादर आहे, भेट देणं हा त्याचा अधिकार आहे. म्हणून तो तिला पुढचं आयुष्य देतो. आपल्या उदारपणाचा सोहळा करायला म्हाताऱ्याच्या झोपडीत आलेल्या राजालाही तो असाच हाकलून देतो. विनोद इथे चाबकासारखा चालतो आणि त्याचा फटकारा सणासुदीला तेवढ्या जाग्या होणाऱ्या करुणेवर बसतो.

कादंबरीचा गाभा शेवटाकडे, मृत्यू आणि सूझन यांच्या संवादात आहे. विश्वाची पूड करून गाळली तरी तिच्यात न्यायाचा वा दयेचा एक कणही सापडणार नाही, अशा अर्थाचं मृत्यू तिला सांगतो. तरीही माणसं न्याय असल्यासारखी वागतात आणि म्हणूनच माणूस ठरतात. दंतपरी आणि हॉगफादर ही त्या मोठ्या विश्वासांची लहानपणीची तालीम आहे. जे नाही ते मानता आलं, तरच ते उद्या घडवता येतं. यमाला प्रश्न विचारणारा नचिकेता आपल्याला परिचित आहे. तिथे यम मृत्यूपलीकडचं ज्ञान देतो. प्रॅचेटचा मृत्यू अलीकडचं, जगण्यातलं ज्ञान देतो.

यावर गंभीर आक्षेप घेता येतो. आगरकरांपासून चालत आलेली विवेकवादाची परंपरा मानणारा मराठी वाचक विचारेल, की न्याय आणि दंतपरी एकाच मापाने मोजायचे, तर अंधश्रद्धेला दार उघडं नाही का होत? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कादंबरीतच आहे. प्रॅचेट स्वतः ब्रिटनमधल्या मानवतावादी चळवळीचा जाहीर समर्थक होता. हॉगफादर मुळात कोण होता तेही तो लपवत नाही: बर्फावर रक्त सांडणारी हिवाळ्यातली शिकार, सूर्य परतावा म्हणून दिलेला बळी. ती रक्तरंजित कल्पना माणसांनीच बदलत बदलत खेळणी वाटणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत आणली. शिवाय टीटाइमकडे कल्पनाशक्ती भरपूर आहे, फक्त दुसऱ्याचं दुःख जाणवण्याची शक्ती नाही. म्हणजे कसोटी स्पष्ट आहे. जी कल्पना माणसाला माणसाशी दयेने वागायला शिकवते ती जपावी आणि जी दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेते तिच्याशी सळई उचलून लढावं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यालाही न्यायावर विश्वास ठेवूनच लढावं लागतं.

दुसरा आक्षेप व्यावहारिक. आयुष्य थोडं, न वाचलेली पुस्तकं अगणित. मग वाचलेलंच पुन्हा का वाचावं? माहितीसाठी वाचणाऱ्याला हे लागू आहे. पण न्याय, दया ही मूल्यं जर निसर्गात आपोआप आढळत नसतील, ती माणसांच्या मानण्यावरच टिकत असतील, तर एकदा पटली म्हणून ती कायमची आपली होत नाहीत. सूर्य उगवणार हे ठाऊक असूनही सण दरवर्षी साजरा होतो, कारण नूतनीकरणाची गरज सूर्याला नसून माणसाला असते. पुनर्वाचनाचंही तेच आहे. विनोद आधीच ठाऊक असल्याने हसण्याची घाई उरत नाही आणि त्यामागचा संताप स्वच्छ ऐकू येतो. ज्या विनोदामागे विचार नसतो तो दुसऱ्या वाचनात मरतो. हा मरत नाही, हाच त्याचा पुरावा.

हे सगळं इंग्रजांच्या सणाचं, आपला त्याच्याशी काय संबंध, असंही कुणी म्हणेल. पण मोठी रात्र, थंडी, उबेतले आणि उघड्यावरचे यांच्यातलं अंतर यांवर कुठल्या एका देशाची मालकी नाही. म्हणून ज्यांनी ‘हॉगफादर’ एकदा वाचून कपाटात ठेवलं आहे, त्यांना माझी विनंती आहे. या नाताळच्या सुट्टीत ते पुन्हा वाचा, आणि न्याय खरोखर असल्यासारखं वागण्याचं काम सुट्टी संपल्यावरही सोडू नका.