रिकाम्या काठाचे मोल

दुर्मीळ वस्तू जपायची म्हणजे तिच्याभोवती कुंपण घालायचे, ही कल्पना आपल्या मनात खोल रुजलेली आहे. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आम्हांसही ती स्वाभाविक वाटत आली; जीर्ण पोथी कपाटात ठेवली की आपण निश्चिंत होतो. उत्तर अमेरिकेतील एका रानफुलाविषयी वाचताना मात्र ही निश्चिंती टिकत नाही.

फर्बिशचे लाउसवर्ट ही वनस्पती जगात केवळ सेंट जॉन नदीच्या काठी, अमेरिकेच्या मेन राज्यात आणि कॅनडाच्या न्यू ब्रुन्सविक प्रांतात आढळते. वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या केट फर्बिश यांना ती १८८० साली दिसली. पुढे ती नामशेष झाली असे मानले जात असतानाच, १९७६ मध्ये, याच नदीवरील नियोजित डिकी-लिंकन धरणासाठी चाललेल्या पाहणीत चार्ल्स रिचर्ड्स यांना ती पुन्हा सापडली. १९७८ मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. धरणाला विरोध करण्याची कारणे इतरही होती. ते अखेर झाले नाही. नावात उवा असलेल्या या रोपट्याची त्या काळी थट्टाही पुष्कळ झाली.

या रोपट्याचा संसार विलक्षण आहे. फुलावर येण्यास त्याला किमान तीन वर्षे लागतात. शेजारच्या झाडांच्या मुळांतून ते काही पोषण घेते; परागीभवनासाठी बंबलबी या केसाळ माशीच्या एकाच जातीवर विसंबते; आणि बीजावाचून त्याचा प्रसार नाही. वसंतात नदीवरचे बर्फ फुटते, त्याचे प्रचंड तुकडे पुराबरोबर काठ खरवडत जातात. त्यात रोपांची अख्खी वस्ती नाहीशी होते. पण हे खरवडणे थांबले, तर काठावर झुडपे माजतात आणि त्यांच्या सावलीत लाउसवर्ट मरते. पूर वरचेवर आला तर बी धरण्यास अवधी नाही, फार काळ आला नाही तर उजेड नाही. मारणारा आणि जागा करून देणारा एकच.

एरिक मेंजेस यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वस्त्यांचा हिशेब मांडला. त्याचे सार असे, की कोणतीही एक वस्ती, ती वाढती असली तरी, कायमची नसते. जुन्या वस्त्या पुसल्या जाण्याच्या वेगाने नव्या वसत राहिल्या, तरच जात टिकते. म्हणून आज जेथे एकही रोप नाही, असा ओला, उघडा काठही तिच्या अस्तित्वाचा भाग ठरतो. धरणाने काही रोपे बुडाली असती, एवढाच प्रश्न नव्हता. खालच्या अंगाचा पूर बांधला गेला असता, तर उरलेल्यांचा उद्याही संपला असता.

येथे आम्हांस पोथ्यांची आठवण होते. प्रत्येक प्रत कधी ना कधी वाळवीच्या वा ओलीच्या स्वाधीन होते. ग्रंथ तगतो तो नकला होत राहिल्याने. कपाटातली एकुलती प्रत म्हणजे केवळ लांबवलेला शेवट.

अमेरिकेत २०२३ मध्ये या वनस्पतीचा दर्जा ‘धोक्यातील’वरून एक पायरी सौम्य करण्यात आला. तरीही हिवाळे उबदार होत असताना नदीचे बर्फ कसे व केव्हा फुटेल, यावर तिचे भवितव्य अवलंबून आहे. फुलाला कुंपण घालता येते. पुराला घालून चालत नाही. जे जपायचे त्याच्यासाठी रिकामी जागा राखणे, आणि तेथे काही उगवण्याची वाट पाहणे, हे संरक्षणाचे अधिक अवघड अंग आहे. आमच्या मते, साहित्याच्या अभ्यासकांनीही ते समजून घ्यावे.