तिकिटांच्या वादातून उभे राहिलेले वानखेडे

मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम असताना हाकेच्या अंतरावर दुसरे कशाला बांधले, असा प्रश्न नवख्याला पडतो. कारण होते तिकिटांचा वाद! ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामन्यांच्या किती जागा द्यायच्या, यावरून मुंबई क्रिकेट संघटनेचे क्लबशी बिनसले. तेव्हा शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने चर्चगेट स्थानकाजवळ नवे स्टेडियम उभे राहिले.

जानेवारी १९७५ मध्ये येथे पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा झोडपल्या. पुढेही पाहुण्यांनी हे मैदान गाजवले. १९८० मध्ये इयान बोथमने शतक ठोकून १३ बळीही घेतले. मुंबईतच जन्मलेल्या न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने २०२१ मध्ये डावातले दहाही गडी टिपले, तरी त्याचा संघ हरला.

घरचे वीरही मागे नव्हते. रवी शास्त्रीने १९८५ मध्ये येथेच रणजी सामन्यात एका षटकात सहा षटकार खेचले. १९८७ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात मात्र ग्रॅहम गूचने स्वीपचे फटके मारून भारताला स्पर्धेबाहेर काढले. ती सल २ एप्रिल २०११ रोजी धोनीच्या विजयी षटकाराने पुसली. २०१३ मध्ये सचिनने येथेच क्रिकेटचा निरोप घेतला.

मोठ्या सामन्याचे तिकीट मिळवणे मात्र आजही सोपे नाही!