साके, जेवण आणि मधुमेह

माझ्या स्वारगेटच्या दवाखान्यात जपानी कंपनीत काम करणारे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, साके तांदळाची असते, जेवणासोबत घेतली तर चालेल ना?" माशासोबत तिची गोडसर चव मलाही आवडते. पण आंबवलेल्या तांदळाची ती दारूच. तिच्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असते. १८० मिली साके म्हणजे जवळपास अर्धा लिटर बिअर. जेवणामुळे अल्कोहोल रक्तात हळू उतरते, पण उतरतेच. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल, तर अधिक जपा. यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतते, रक्तात साखर सोडणे मंदावते आणि पहाटे साखर धोकादायक घसरू शकते. घाम, थरथर, बरळणे याला नशा समजू नका. लगेच साखर तपासा. आणि पिण्याआधी तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.